बाटली नंबर ५३

लहानपणी बार्शीच्या दवाखान्यात आपण सगळेच लस घेताना रडलो, पण हाफकिन म्हटलं की आपल्याला फक्त मुंबईची संस्था आठवते. मला मात्र तो माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो.

वाल्डेमार हाफकिन १८६० साली ओडेसात जन्मले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचून घेतली!

१९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस दिली. त्यातले १९ जण दगावले, प्लेगने नव्हे तर धनुर्वाताने. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांना कामावरून दूर केलं. पण ते एकोणीसही जण एकाच बाटलीचे होते. ती उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि नुसता कार्बोलिकमध्ये बुडवून वापरला होता. शिवाय धनुर्वाताचे जंतू आधीच बाटलीत वाढले असते तर उघडताच घाण वास आला असता, तो आला नव्हता. म्हणजे दोष मुंबईचा नव्हता. रोनाल्ड रॉस वगैरे शास्त्रज्ञांनी आवाज उठवला तेव्हा कुठे १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ साली संस्थेला त्यांचं नाव मिळालं, १९३० मध्ये ते वारले.

मृत्यूचं कारण 'धनुर्वात' एवढं लिहून भागत नाही, जंतू कुठून आले तेही शोधावं लागतं. आपण इंजिनिअर होणाऱ्यांनी तरी हे विसरू नये!