दारूच्या रुबायांमुळे फेमस झालेला उमर खय्याम खरंतर आयुष्यभर भूमिती करत होता

खय्याम हे नाव ऐकलं की आपल्याला दोन माणसं आठवतात. एक म्हणजे 'उमराव जान'ची गाणी देणारे संगीतकार खय्याम. दुसरा म्हणजे हातात प्याला, बाजूला सुरई आणि समोर प्रेयसी अशा चित्रांमधला फारसी शायर उमर खय्याम. संगीतकार खय्याम यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी. आजची गोष्ट त्या शायराची.

इराणच्या ईशान्येला निशापूर नावाचं शहर आहे. तिथल्या एका बागेत २२ मीटर उंचीची पांढरी वास्तू उभी आहे. तिला भिंती नाहीत, फक्त १० पाय आहेत. या पायांमधून निघालेल्या तिरक्या पट्ट्या वर जाताना एकमेकींना छेदतात आणि माथ्यावर त्यांच्यामध्ये चांदण्यांच्या आकाराच्या मोकळ्या जागा तयार होतात. त्या चांदण्यांमधून ऊन खाली उतरतं. खाली एक साधी कबर आहे, उमर खय्यामची.

आता प्रश्न पडतो, दारूवर लिहिणाऱ्या शायराची कबर अशी कंपासपेटीतून काढल्यासारखी का? त्याचं उत्तर त्याच्या आयुष्यात आहे.

तंबूवाल्यांच्या घरातला पोरगा

खय्याम या शब्दाचा अर्थ तंबू बनवणारा. घराण्याचा हाच धंदा असावा, असं त्यावरून मानलं जातं. त्याचा जन्म १८ मे १०४८ चा. जवळपास हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची इतकी नेमकी जन्मतारीख कशी काय सापडली? तर त्याला भेटलेल्या बेहकी नावाच्या लेखकाने त्याची कुंडली लिहून ठेवली होती. लग्न मिथुन, रवी आणि बुध मिथुनेतच, असा सगळा तपशील. स्वामी गोविंद तीर्थ या भारतीय अभ्यासकाने त्यावरून उलटं गणित केलं आणि तारीख काढली. त्यांचं खय्यामवरचं पुस्तक १९४१ साली अलाहाबादहून प्रसिद्ध झालं.

तेव्हाचं निशापूर म्हणजे खुरासानमधलं मोठं, श्रीमंत शहर. राज्य सेल्जुक तुर्कांचं. शिकण्यासाठी जागा उत्तम, पण पोट भरायचं तर कुणीतरी राजा, वजीर किंवा काझी पाठीशी लागायचा. त्या काळात विद्वानाचं करिअर असंच चालायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच त्याला महागात पडणार आहे.

समीकरण सुटेना, म्हणून चित्र काढलं

१०७० च्या सुमारास खय्याम समरकंदला पोहोचला. तिथला मुख्य काझी अबू ताहिर याने त्याला आसरा दिला. तिथे त्याने बीजगणितावरचा आपला मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या सुरुवातीला त्याने आपल्या काळातल्या ढोंगी विद्वानांवर आणि खऱ्या अभ्यासकांच्या हालांवर मनातली मळमळ ओतली आहे. तेव्हा तो जेमतेम विशीत होता.

ग्रंथाचा विषय होता घन समीकरणं. म्हणजे ज्यात एखादी अज्ञात संख्या स्वतःशीच तीनदा गुणलेली असते, ती समीकरणं. शाळेत आपण वर्ग समीकरणाचं सूत्र पाठ करतो, पण घन समीकरणासाठी तसं सूत्र तेव्हा कुणाकडेच नव्हतं. अधिक, उणेची चिन्हंही नव्हती. सगळं गणित शब्दांत लिहायचं.

खय्यामने वेगळी वाट धरली. शंकूचा आकार वेगवेगळ्या कोनांतून कापला की वर्तुळ, पॅराबोला, हायपरबोला असे वक्र मिळतात. असे दोन वक्र योग्य मापाने काढले की ते जिथे एकमेकांना छेदतात, तिथे उत्तर सापडतं. थोडक्यात, त्याने आकड्यांचं कोडं चित्रात बदलून सोडवलं. ज्यांना असे वक्र लागतातच, असे घन समीकरणांचे १४ प्रकार त्याने वेगळे काढले आणि प्रत्येकाची रीत दिली. निव्वळ आकड्यांनी सोडवण्याची रीत आपल्याला मिळालेली नाही, पुढे कुणाला तरी मिळेल, हेही त्याने लिहून ठेवलं. ती रीत इटलीत कार्दानोच्या पुस्तकात छापून यायला १५४५ साल उजाडलं.

सुलतानाला हवं होतं कॅलेंडर

१०७४ मध्ये सुलतान मलिकशाह आणि त्याचा वजीर निजाम उल मुल्क यांनी खय्यामला राजधानी इस्फहानला बोलावलं. काम होतं वेधशाळा उभारायची आणि कॅलेंडर दुरुस्त करायचं.

कॅलेंडरला काय झालं होतं? हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, त्यामुळे ते सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असतं. आपल्याकडे हा फरक अधिक महिना टाकून भरून काढतात. हिजरीत तसं नाही, म्हणून तर रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी पावसाळ्यात. पण पीक सूर्यावर येतं आणि शेतसारा पिकावर गोळा होतो. इराणचं जुनं सौर कॅलेंडर होतं, पण त्यात वर्ष बरोबर ३६५ दिवसांचं. वरचा जवळपास पाव दिवस कुणी मोजतच नव्हतं. परिणामी वसंताच्या पहिल्या दिवशी यायला हवा तो नवरोज चक्क १८ दिवस आधी येऊ लागला होता.

खय्याम आणि सोबतच्या खगोलतज्ज्ञांनी नवरोज पुन्हा वसंत संपाताला, म्हणजे दिवस आणि रात्र समान होण्याच्या क्षणाला बांधला. १५ मार्च १०७९ पासून हे जलाली कॅलेंडर सुरू झालं. तारीख तेव्हाच्या ज्युलियन पद्धतीची आहे, आजच्या हिशेबाने हा दिवस २१ मार्चच्या आसपास येतो. या पद्धतीत साधारण ३३ वर्षांत ८ लीप वर्षं येतात. आपल्या भिंतीवरचं ग्रेगोरियन कॅलेंडर आलं १५८२ मध्ये, म्हणजे ५०० वर्षांनी, आणि ऋतूंशी मेळ राखण्यात जलाली त्याच्यापेक्षाही सरस मानलं जातं. आज इराणमध्ये वापरतात ते कॅलेंडर याच पायावर उभं आहे.

याच काळात, १०७७ मध्ये, त्याने युक्लिडच्या समांतर रेषांच्या गृहीतकावर ग्रंथ लिहिला. त्यासाठी त्याने जो चौकोन वापरला, तोच चौकोन इटलीच्या साकेरीने १७३३ मध्ये वापरला आणि बरीच वर्षं एकट्या साकेरीच्या नावाने ओळखला गेला. या दिशेने जाताजाताच पुढे युक्लिडपलीकडची भूमिती जन्माला आली.

कारागिरांचा त्रिकोण आणि विटांचा घुमट

खय्यामची भूमिती कागदावरच राहिली का? त्याचा एक छोटासा लेख सापडला आहे. त्यात असा काटकोन त्रिकोण आहे, ज्याचा कर्ण म्हणजे लहान बाजू आणि कर्णावर टाकलेला लंब यांची बेरीज. दिसायला सोपा, पण काढायला गेलं की घन समीकरण समोर येतं. खय्यामने तो वर्तुळ आणि हायपरबोला यांच्या छेदातून सोडवला.

गंमत म्हणजे हाच त्रिकोण एका जुन्या फारसी हस्तलिखितात दिसतो आणि ते हस्तलिखित आहे नक्षीकामाच्या भूमितीबद्दल. वास्तुकलेचे तुर्की अभ्यासक अल्पाय ओझदुरल यांनी हा धागा पकडला. त्यांच्या मते त्या काळी गणितज्ज्ञ आणि कारागीर एकत्र बसायचे. कारागिराला भिंतीवर नक्षी जुळवायची असायची, गणितज्ज्ञ त्यामागचं कोडं सोडवायचा.

ओझदुरल आणखी एक पाऊल पुढे गेले. इस्फहानच्या जामा मशिदीत १०८८ साली बांधलेला उत्तरेचा घुमट आहे. विटांचा, आणि आतून वर पाहिलं तर मधोमध पाच टोकांची चांदणी. प्रमाणबद्धतेसाठी तो जगभर नावाजला जातो. याच्या आराखड्यात खय्यामचा हात असावा, असा त्यांचा अंदाज. खय्याम तेव्हा याच शहरात होता, हे खरं. पण शिलालेखात नाव आहे ते घुमट बांधून घेणाऱ्या ताज उल मुल्कचं. त्यामुळे हा अंदाज अंदाजच राहतो.

एका महिन्यात सगळं गेलं

ऑक्टोबर १०९२ मध्ये निजाम उल मुल्कचा खून झाला. पुढच्याच महिन्यात मलिकशाहही गेला. गादीसाठी भांडणं लागली आणि वेधशाळेचा पैसा बंद झाला. १८ वर्षांचं काम अर्ध्यावर थांबलं. ४४ वर्षांच्या खय्यामला दरबारात कुणी वाली उरला नाही.

त्याच्या श्रद्धेबद्दल कुजबुज होतीच. तो हजला जाऊन आला. टीकाकारांची तोंडं बंद करायला गेला, असं नंतरच्या एका चरित्रकाराचं म्हणणं. पुढे काही काळ मर्वमध्ये काढून तो निशापूरला परतला.

शेवटच्या दिवसाची हकिगत बेहकीने खय्यामच्या नातेवाइकाकडून ऐकून लिहिली आहे. तो इब्न सीनाचा ग्रंथ वाचत होता. एक आणि अनेक या प्रकरणाशी आला, पानांत दात कोरायची सोन्याची काडी खूण म्हणून ठेवली, नमाज पढला, दिवसभर काही खाल्लं प्यायलं नाही आणि रात्री गेला. साल ११३१, वय ८३.

मग शायर कुठून आला?

निजामी अरुजी नावाचा लेखक खय्यामला ओळखायचा. माझ्या कबरीवर झाडं फुलं ढाळतील, अशा अर्थाचं काहीतरी खय्याम एका मैफलीत बोलला होता. काही वर्षांनी अरुजी कबर शोधत गेला, तर पलीकडच्या बागेतल्या पेअर आणि पीचच्या फांद्या भिंतीवरून झुकलेल्या आणि कबर फुलांखाली झाकलेली. त्याला रडू आवरलं नाही.

पण याच अरुजीच्या पुस्तकात शायरांचं प्रकरण वेगळं आहे आणि खगोल-ज्योतिषवाल्यांचं वेगळं. खय्याम भेटतो तो दुसऱ्या प्रकरणात. त्याच्या नावावरच्या रुबाया दिसू लागतात त्या मृत्यूनंतर काही दशकांनी. मग त्यांचा आकडा वाढत वाढत हजाराच्या पुढे गेला. त्यातल्या खरोखर त्याच्या किती, यावर आजही एकमत नाही.

१८५९ मध्ये एडवर्ड फिट्झजेराल्ड या इंग्रजाने नाव न घालता ७५ रुबायांचा अनुवाद छापला. त्याला एक हस्तलिखित कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीतून नकलून मिळालं होतं. पुस्तक आधी पडून राहिलं, मग असं उचललं गेलं की खय्याम जगभर पोहोचला. आपल्याकडे माधव जूलियन यांनी १९२९ मध्ये थेट फारसीतून रुबाया मराठीत आणल्या आणि १९३१ मध्ये फिट्झजेराल्डवरून 'द्राक्षकन्या' लिहिली. ते स्वतः फारसीचे प्राध्यापक होते, फार्सी-मराठी कोशही त्यांचाच.

प्याला जगभर फिरला. त्याच्या मागचा कंपास मात्र मागेच राहिला.

उजेडात परत आलेली भूमिती

तो पुढे आणला आर्किटेक्ट हुशंग सेहून यांनी. निशापूरची ती पांढरी वास्तू त्यांची, १९६३ साली पूर्ण झालेली. त्याआधी खय्यामची कबर एका इमामजाद्याच्या, म्हणजे दर्ग्यासारख्या वास्तूच्या आडोशाला होती. सेहून यांनी तिच्यासाठी बागेतली जर्दाळूच्या झाडांजवळची खोलगट जागा निवडली, म्हणजे बहर आला की फुलं कबरीजवळ पडावीत.

बाकी सगळं खय्यामच्या आयुष्यातून आलेलं आहे. वर्तुळावर बसवलेले १० पाय आणि एकमेकांना छेदणाऱ्या रेषा म्हणजे गणित. माथ्यावरच्या चांदण्या म्हणजे वेधशाळा. पट्ट्यांच्या मधल्या जागेत फरशांवर लिहिलेल्या रुबाया म्हणजे शायरी. भोवतीच्या कारंज्यांना तंबूंचा आकार, म्हणजे घराण्याचा धंदा.

इराणमध्ये १८ मे हा खय्याम दिन असतो. त्याच्या वेधशाळेची एक वीटही आज दाखवता येत नाही. पण सूर्य वर्षभर कसा सरकतो हे मोजण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्याच्या कबरीवर तोच सूर्य रोज चांदण्यांमधून उतरतो. आणि त्या चांदण्या वक्र जिथे छेदतात तिथे नाही, पण रेषा जिथे छेदतात तिथे तयार झालेल्या आहेत. उत्तर अशाच ठिकाणी सापडतं, हे खय्यामने ९०० वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं.