अरोरा, अलिबाग आणि नानाभाई मूस

गेल्या हिवाळ्यात आई-बाबांना नॉर्वेत ट्रॉम्सोला नेलं. अॅपवर केपी 5, म्हणजे उत्तम. पण आभाळ भरून ढग! नुसत्या केपीवर भरवसा ठेवला, ही चूक माझीच. तिथे केपी 2-3 असला तरी पुरतं, पण आकाश निरभ्र आणि काळोख हवा. बाबांनी सहज विचारलं, हा आकडा काढतं कोण? बुओना व्हिस्टाला परतल्यावर उत्तर शोधताना भेटले नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस.

केपी निघतो तो जगातल्या 13 वेधशाळांमधल्या चुंबकीय नोंदींवरून, दर तीन तासांनी. आपल्याकडे अशा नोंदी मुंबईत कुलाब्याला 1840च्या दशकापासून होत होत्या. सप्टेंबर 1859च्या महावादळात कुलाब्याचं चुंबकीय क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद आजही अभ्यासक वापरतात. त्याच वर्षी मूस जन्मले.

एडिंबरोत शिकून आलेले हे पारशी गृहस्थ 1896 मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. जमिनीत झिरपणाऱ्या विजेने चुंबकसुया बिघडणार, आणि साठ वर्षांची मालिका तुटणार. मूस यांनी ट्रामशी भांडण मांडलं नाही. खाडीपलीकडे अलिबाग निवडलं. लोखंडाचा अंश नको म्हणून तिथली इमारत पोरबंदरी दगडात बांधली. 1904 ते 1906 अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकदमच नोंदी घेतल्या, म्हणजे जुने-नवे आकडे जुळवता येतील. आम्ही सॉफ्टवेअरवाले जुनी सिस्टिम बंद करण्याआधी नवी सोबत चालवतो, अगदी तसंच. (आम्हाला दोन आठवडेही जड जातात, ते सोडा.)

1910 मध्ये त्यांनी 1846 ते 1905 च्या सगळ्या नोंदी विश्लेषणासह छापल्या. वादळ सुरू होताना क्षेत्र एकदम उसळतं, मग घसरतं आणि हळूहळू सावरतं, हा क्रम त्यात स्पष्ट दिसतो. 1936 मध्ये ते गेले. अलिबागची वेधशाळा अजून चालू आहे.

बाबांचं आजोळ अलिबागजवळच. किनाऱ्यावर जाताना ती पाटी त्यांनी कितीदा पाहिलेली, आत काय चालतं ते माहीत नव्हतं. फोनवर हे सगळं सांगितलं, तर गप्पच झाले. मार्चची तिकिटं पुन्हा काढली आहेत. या वेळी मुक्काम चार रात्रींचा, आणि केपीआधी ढगांचा अंदाज बघणार.