सर्वांचे हित मोजताना : जॉन स्टुअर्ट मिल

एखादी कृती चांगली की वाईट, हे कशावरून ठरवावे? तिच्या परिणामांवरून, करणाऱ्याच्या हेतूवरून, की त्याच्या चारित्र्यावरून? नीतिशास्त्रातील हा फार जुना प्रश्न आहे. ग्रंथांत त्याची उत्तरे वेगवेगळ्या प्रकरणांत मांडलेली असतात; प्रत्यक्ष जीवनात मात्र ती एकाच वेळी माणसापुढे उभी राहतात आणि त्याला निवड करावी लागते. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडचे थोर विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

मिल यांचा जन्म २० मे १८०६ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील जेम्स मिल हे नामवंत लेखक होते. भारतात एकदाही पाऊल न ठेवता त्यांनी ब्रिटिश भारताचा इतिहास लिहिला आणि तो १८१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाला शाळेत न घालता त्यांनी घरीच शिकवले. तिसऱ्या वर्षी ग्रीक आणि आठव्या वर्षी लॅटिन भाषेचा अभ्यास सुरू झाला. सुट्टी आणि सवंगडी यांचे सुख या मुलाच्या वाट्याला फारसे आले नाही.

या शिक्षणामागे एक निश्चित हेतू होता. जेम्स मिल यांचे स्नेही जेरेमी बेंथॅम यांनी उपयुक्ततावाद नावाचा नीतिविचार मांडला होता. ज्या कृतीमुळे अधिकाधिक लोकांचे अधिकाधिक सुख साधते ती कृती योग्य, असे त्याचे सार आहे. हे सुख मोजताना उमराव आणि मजूर असा भेद करायचा नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये किरकोळ चोरीसाठीही फाशीची शिक्षा होऊ शकत असे. अशा कायद्यांनी कोणाचे हित साधते, असा रोकडा प्रश्न विचारण्याचे बळ या विचाराने सुधारकांना दिले. त्याचा पुढचा वारसदार म्हणून जॉनला घडवण्यात येत होते.

१८२३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, मिल ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरीत कारकून म्हणून लागले. भारतातील अधिकाऱ्यांना पाठवायच्या पत्रांचे मसुदे तयार करणे हे त्यांचे काम होते. ही नोकरी त्यांनी पस्तीस वर्षे केली.

१८२६ मध्ये त्यांच्या मनावर मोठा आघात झाला. आपल्याला हव्या असलेल्या साऱ्या सुधारणा आज घडून आल्या तर आपण सुखी होऊ का, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. अंतःकरणाने नकार दिला. ज्या ध्येयासाठी जगायचे, तेच नीरस वाटू लागले. कित्येक महिने ते खिन्न होते. पुढे वर्ड्‌स्वर्थ यांच्या कवितांनी त्यांना हळूहळू सावरले. सुखाच्या मागे धावून सुख सापडत नाही. दुसऱ्या एखाद्या मोलाच्या कार्यात मन गुंतले असता ते आपोआप येते, असा निष्कर्ष त्यांनी या अनुभवातून काढला.

मिल यांनी उपयुक्ततावाद सोडला नाही. मात्र त्यातील उणिवा त्यांना दिसू लागल्या. त्या समजण्यासाठी इतर दोन विचारांशी त्याची तुलना करून पाहू. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांच्या मते कृतीची योग्यता परिणामांवर अवलंबून नसते. जो नियम सर्वांनी पाळावा असे आपण म्हणू शकतो, त्यानुसार वागणे हे कर्तव्य. आणि कोणत्याही माणसाचा केवळ साधन म्हणून वापर करायचा नाही. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यांनी चारित्र्यावर भर दिला. चांगल्या सवयींतून सद्‌गुण अंगी बाणतात आणि सद्‌गुणी माणूस प्रसंग ओळखून योग्य ते करतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

समजा, परत करण्याचा विचार नसताना एखाद्याने खोटे वचन देऊन कर्ज घेतले. सर्वांनी असे केले तर वचनाला अर्थच उरणार नाही, म्हणून कांट ते त्याज्य ठरवतात. कोणाचे किती नुकसान झाले आणि लोकांचा परस्परांवरील विश्वास किती ढासळला, हे उपयुक्ततावादी पाहील. अशा वागण्याने आपण कसा माणूस बनतो, हा प्रश्न ॲरिस्टॉटलच्या मार्गाने जाणारा विचारील. निर्णय एकच असला तरी त्याची कारणे निराळी आहेत.

मिल यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उपयुक्ततावादावरील लेखनात सुखांच्या प्रमाणाबरोबर त्यांची प्रतही पाहावी, असे मांडले. बुद्धीचे आणि उदात्त भावनांचे सुख त्यांनी श्रेष्ठ मानले. न्यायाला त्यांनी समाजहितात सर्वोच्च स्थान दिले. कारण आपण सुरक्षित आहोत हा भरवसा नसेल तर इतर कोणतेही सुख टिकत नाही.

विचारांप्रमाणे आचरण ठेवण्याचा त्यांनी प्रयत्न केला. १८५१ मध्ये हॅरिएट टेलर यांच्याशी विवाह करताना, कायद्याने पतीला पत्नीवर आणि तिच्या मालमत्तेवर मिळणारे अधिकार आपल्याला मान्य नाहीत, असे त्यांनी लिहून ठेवले. १८६५ मध्ये ते संसदेच्या निवडणुकीला उभे राहिले. इंग्लंडमधील कष्टकरी वर्ग बहुधा खोटे बोलतो, असे त्यांनी पूर्वी लिहिले होते. कष्टकऱ्यांच्याच सभेत त्याविषयी विचारणा झाली. मिल यांनी तत्काळ होकार दिला. मते जातील अशी भीती होती. परंतु त्या स्पष्टपणाचे सभेने टाळ्यांनी स्वागत केले आणि ते निवडून आले.

त्याच वर्षी जमैकामध्ये मोरंट बे येथे कृष्णवर्णीयांचा उठाव झाला. गव्हर्नर एडवर्ड आयर यांनी तो क्रूरपणे मोडून काढला. चारशेहून अधिक माणसे मारली गेली. तेथील विधिमंडळाचे सदस्य जॉर्ज विल्यम गॉर्डन यांना लष्करी कायदा लागू नसलेल्या ठिकाणाहून नेऊन फाशी देण्यात आले. कठोरपणामुळे वसाहत वाचली, असे आयर यांचे समर्थक म्हणत. वरवर पाहता हा युक्तिवाद परिणामांचाच होता. मिल यांनी तो फेटाळला. सत्ताधाऱ्याला कायद्याबाहेर जाऊन माणसे मारता आली, तर कोणाचेच जीवित सुरक्षित राहणार नाही, ही त्यांची भूमिका होती. खटल्याची मागणी करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष झाले. त्यांना धमकीची पत्रे आली आणि आयर यांच्यावरील आरोप न्यायालयात टिकले नाहीत. तरीही मिल मागे हटले नाहीत. १८६७ मध्ये त्यांनी स्त्रियांना मताधिकार देण्याची सूचना संसदेत मांडली. ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी फेटाळली गेली. १८६८ च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. ब्रिटनमधील स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळण्यास १९२८ साल उजाडावे लागले.

असे असूनही भारताविषयी मिल यांचा तराजू सरळ राहिला नाही. १८५९ च्या स्वातंत्र्यावरील ग्रंथात त्यांनी व्यक्तिस्वातंत्र्याचा जोरदार पुरस्कार केला. पण ज्यांना ते मागासलेले समाज म्हणत, त्यांना हे तत्त्व लागू नाही असे ठरवले. १८५८ मध्ये कंपनीची सत्ता जाऊ लागली तेव्हा त्यांनी तिच्या कारभाराचे समर्थन लिहिले. सर्वांचे सुख सारखे मोजावे असे सांगणाऱ्या या विचारवंताने भारतीयांचे हित मोजण्याचा अधिकार मात्र भारतीयांना दिला नाही.

मे १८७३ मध्ये फ्रान्समधील आव्हीन्यों येथे मिल यांचे निधन झाले. पुढे त्यांचे ग्रंथ भारतातही वाचले गेले. महाराष्ट्रात गोपाळ गणेश आगरकरांवर त्यांचा खोल प्रभाव पडला. व्यक्तिस्वातंत्र्य आणि स्त्रीशिक्षण यांचा आगरकरांनी १८८८ मध्ये सुरू झालेल्या ‘सुधारक’ पत्रातून हिरिरीने पुरस्कार केला. मिल यांनी जे तत्त्व भारतीयांना नाकारले, ते भारतीयांनी स्वतःच हाती घेतले.

परिणाम, कर्तव्य आणि चारित्र्य यांपैकी कोणताही मार्ग आपण निवडला, तरी ज्यांच्याविषयी निर्णय घ्यायचा त्यांचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय तो न्याय्य ठरत नाही. मिल यांच्या यशातून आणि त्यांच्या उणिवेतूनही आपल्याला हेच शिकायला मिळते.