वॉशिंग्टन यांची काळी पडलेली कवळी

जॉर्ज वॉशिंग्टन यांचा पहिला दात चोविसाव्या वर्षी काढावा लागला. १७८९ मध्ये ते अमेरिकेचे पहिले अध्यक्ष झाले, तेव्हा स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडी होती, ही दंतकथाच. पाणघोड्याच्या दातांपासूनही ती कोरलेली असे. १७९८ मध्ये एक कवळी काळीठिक्कर होऊन दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांच्याकडे आली. त्यांनी बोट ठेवले ते पोर्ट वाइनच्या आंबटपणावर. (नाशिककरांनीही ऐकून ठेवावे!) जेवणानंतर कवळी स्वच्छ पाण्यात ठेवा किंवा खडूच्या बारीक पुडीने घासा, असे त्यांनी कळवले. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन गेले.

आजच्या अ‍ॅक्रिलिकच्या कवळीला खडू किंवा टूथपेस्ट नको. चरे पडतात, त्यांत जंतू साचून वास येतो. मऊ ब्रश, सौम्य साबण आणि रात्री साधे पाणी पुरते. उकळत्या पाण्याने कवळी वाकडी होते. डबीतले पाणी रोज बदलावे. दिवसा कवळी तोंडात असताना डबीही घासून उघडी वाळत ठेवावी.