सुब्रतो मुखर्जी
एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी (५ मार्च, १९११:कोलकाता - ८ नोव्हेंबर, १९६०:टोकियो, जपान) हे भारतीय वायुसेनेचे पहिले भारतीय प्रमुख होते.

वायुसेनेची स्थापना ८ ऑक्टोबर, १९३२ रोजी झाली. हा दिवस वायुसेना दिन म्हणून साजरा होतो. १ एप्रिल, १९३३ रोजी कराचीतील ड्रिग रोड येथे चार वॅपिटी विमानांची पहिली तुकडी उभी राहिली. इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे प्रशिक्षण घेतलेले मुखर्जी तिच्या मूळ वैमानिकांपैकी एक होते. १९३९ मध्ये ते स्क्वॉड्रनचे नेतृत्व करणारे पहिले भारतीय ठरले. स्वातंत्र्यानंतरही प्रमुखपद ब्रिटिश अधिकाऱ्यांकडेच राहिले होते. १ एप्रिल, १९५४ रोजी, म्हणजे पहिल्या तुकडीला २१ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, ते मुखर्जी यांच्याकडे आले. पदावर असतानाच टोकियो येथे जेवताना श्वासनलिकेत घास अडकून त्यांचे निधन झाले. शालेय फुटबॉलमधील सुब्रतो चषक स्पर्धा त्यांच्या नावाने भरवली जाते.