संगीतसूर्य केशवराव भोसले

आज मी तुम्हाला आपल्या कोल्हापूरच्या एका थोर नटाची माहिती सांगणार आहे. त्यांचे नाव केशवराव भोसले.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील लवकर वारले. घरची गरिबी होती. म्हणून आपण पाटी-दप्तर घेऊन शाळेत येतो त्या वयात ते नाटक कंपनीत गेले. कंपनीचे नाव स्वदेशहितचिंतक नाटक मंडळी. त्या काळी बायका नाटकात काम करीत नसत. बायकांची कामे मुलगे आणि पुरुषच लुगडे नेसून करायचे. छोट्या केशवला शारदेचे काम मिळाले. देवलांच्या 'शारदा' नाटकात एका लहान मुलीचे लग्न पैशासाठी म्हाताऱ्याशी ठरवतात. केशवरावांची शारदा लोकांना फार आवडली. त्यांचे नाव गावोगाव झाले.

तेव्हा माईक नव्हता. आमच्या शाळेत प्रार्थनेला माईक नसतो, तर मागच्या रांगेला पुढचं नीट ऐकू येत नाही. केशवराव माईकशिवाय सगळ्या थेटराला ऐकू जाईल असं गायचे. त्यांचा आवाज उंच पट्टीचा होता. तो काही आपोआप आला नाही. त्यांनी रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे गाणे शिकून खूप मेहनत केली. म्हणून लोक त्यांना संगीतसूर्य म्हणू लागले.

१ जानेवारी १९०८ रोजी त्यांनी हुबळीला 'ललितकलादर्श' ही स्वतःची नाटक कंपनी काढली. तेव्हा ते फक्त सतरा वर्षांचे होते! आमच्या गल्लीतली सतरा वर्षांची मुलं अजून बारावीचा अभ्यास करतात. कंपनी चालवायची म्हणजे सगळ्यांचे जेवणखाण, पडदे, कपडे, प्रवास, सगळं बघावं लागतं. ते त्यांनी केलं. 'हाच मुलाचा बाप' हे हुंड्याविरुद्धचे नाटक त्यांच्या कंपनीने १९१६ साली केले.

त्याच सुमारास कोल्हापुरात मोठे काम झाले. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधले आणि त्याला लागूनच १९१३ ते १९१५ या काळात नाटकासाठी पॅलेस थिएटर बांधले. एकीकडे पैलवान आणि एकीकडे नट. महाराजांना दोघेही सारखेच.

आता त्यांच्या आयुष्यातली सर्वात मोठी गोष्ट. मुंबईला ग्रँट रोड भागात तेव्हा पुष्कळ नाटकगृहे होती. त्यातल्या बालीवाला थिएटरात ८ जुलै १९२१ रोजी 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. संयुक्त म्हणजे दोन कंपन्यांनी मिळून केलेला. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर झाले. दोघांच्या कंपन्या वेगळ्या, दोघांच्यात चुरस. तरी दोघे एका रंगमंचावर उभे राहिले, कारण जमलेले पैसे स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी टिळक स्वराज्य फंडाला द्यायचे होते. चुरस असावी पण देशापुढे ती बाजूला ठेवावी, हे मला यातून समजले.

पण पुढे वाईट झालं. तीन महिनेही झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव विषमज्वराने वारले. वय फक्त ३१ वर्षे. त्यांची कंपनी मात्र बंद पडली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती पुढे चालवली. १९५७ साली पॅलेस थिएटरला केशवराव भोसले नाट्यगृह असे नाव दिले.

माझे आबा लहानपणी त्यांच्या वडलांबरोबर गूळ घेऊन कोल्हापूरला गेले होते. गूळ विकल्यावर वडलांनी त्यांना या नाट्यगृहात नाटक दाखवलं. आयुष्यातलं पहिलं नाटक. गोष्ट विसरले पण मधे एकही खांब नव्हता, हे त्यांना अजून आठवतं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला मोठी आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. तेव्हा मी तिसरीत होतो. सकाळी बातमी ऐकली आणि आबांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला. ते काहीच बोलले नाहीत. पुढे एकदा ते मला तिथं घेऊन गेले. छप्पर जळून गेलं होतं, पण पुढची दगडी भिंत उभी होती. आबांनी चप्पल काढून तिला लांबूनच नमस्कार केला. मग मीही केला.

नाट्यगृह पुन्हा उभारायचे काम सरकारने हाती घेतले. केशवराव गेल्यावर त्यांची कंपनी जशी पुढे चालली, तसेच त्यांचे नाट्यगृहही पुढे चालावे असे मला वाटते. तिथे मला आबांच्या शेजारी बसून नाटक बघायचे आहे.

अशा या थोर कलावंताला माझे शतशः वंदन.

– इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी