मौलाना आझादांची पहाट

वाचकहो, आपल्या नांदुरा स्टेशनावरून मुंबई-नागपूर मार्गाच्या गाड्या रात्रंदिवस धावत असतात. त्यांच्या शिट्यांची आपल्याला इतकी सवय झालेली आहे की गाडी केव्हा आली आणि केव्हा गेली याचा पत्ताही लागत नाही. ऑगस्ट १९४२ च्या पहिल्या आठवड्यात अशीच एक गाडी, कलकत्त्याहून नागपूरमार्गे मुंबईला जाणारी बॉम्बे मेल, आपल्या गावावरून गेली. तिच्या एका डब्यात त्या वेळचे काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद होते. चालत्या गाडीतच त्यांनी आपले विद्वान स्नेही मौलाना हबीबुर्रहमान खाँ शेरवानी यांना एक पत्र लिहिले. पत्रावर ठिकाण म्हणून गाडीचेच नाव असून तारीख ३ ऑगस्ट १९४२ आहे. नांदुऱ्याशी मौलानांचा आम्हाला सांगता येण्यासारखा संबंध एवढाच. पण प्रकृती ठीक नाही, डोक्यावर देशाचा भार, आणि तरीही गाडीत हातात लेखणी, हे चित्र आम्हाला या लेखासाठी पुरेसे वाटले.

दरवर्षी ११ नोव्हेंबरला, त्यांच्या जन्मदिनी, शाळाशाळांतून मौलानांवर भाषणे होतात. ते थोर आलिम होते, प्रभावी वक्ते होते, स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री होते, हे मुलांना पाठ असते. परंतु हा मनुष्य आपला दिवस कसा घालवीत असे, हे कोणी सांगत नाही. पालकहो, आपल्या मुलांना उपयोगी पडेल अशी गोष्ट तर हीच आहे.

त्यांचा जन्म १८८८ साली मक्का शरीफ येथे झाला. वडील मौलाना खैरुद्दीन हे मोठे धर्मपंडित. पुढे हे कुटुंब कलकत्त्यास स्थायिक झाले. वडिलांनी मुलाला ना शाळेत घातले, ना मदरशात. सारे शिक्षण घरीच, प्रथम स्वतः वडिलांकडून आणि मग नेमलेल्या उस्तादांकडून झाले. इतरांना जो अभ्यासक्रम संपवायला वीस-पंचवीस वर्षांचे वय होते, तो त्यांनी सोळाव्या वर्षी संपविला. मग वडिलांनी सुमारे पंधरा विद्यार्थी जमवून मुलाला त्यांना शिकवायला बसविले. कारण शिकलेले खरोखर मुरले की नाही, ते शिकवतानाच कळते.

वडिलांकडून त्यांना आणखी एक वारसा मिळाला, तो लवकर उठण्याचा. रात्री लवकर निजायचे आणि पहाटे तीन-चारच्या सुमारास उठायचे, हा त्या घराचा शिरस्ता होता. मौलानांनी तो जन्मभर पाळला. घर असो, प्रवास असो, आजारपण असो की तुरुंग असो, फजरच्या अगोदरची ती शांत वेळ त्यांनी आपली स्वतःची म्हणून राखून ठेवली. बाकीचा दिवस मग सभांना, पाहुण्यांना आणि सरकारी फौजदारांना द्यावा लागला तरी त्यांची तक्रार नसे.

विद्यार्थी मित्रांनो, त्यांनी इंग्रजी कसे शिकले ते पाहा. घरात इंग्रजीला थारा नव्हता. सर सय्यद अहमद खाँ यांचे लेखन वाचून त्यांना वाटू लागले की आधुनिक विद्येवाचून माणूस अपुरा राहतो. एका ओळखीच्या मौलवींकडून त्यांनी मुळाक्षरे आणि पहिले पुस्तक तेवढे शिकून घेतले. पुढे मास्तर नाही, शिकवणी नाही. बायबलच्या इंग्रजी, फारसी आणि उर्दू प्रती शेजारी शेजारी उघडून ते एकेक वाक्य ताडून पाहत. मग शब्दकोश हाताशी घेऊन इंग्रजी वर्तमानपत्र वाचू लागले. आपल्याकडे दहावीत इंग्रजी राहिले की मास्तरांना दोष देण्याचा प्रघात आहे. मास्तरांचा दोष कधी कधी असतोही! पण या मुलाजवळ दोष द्यायला मास्तरच नव्हता.

ते नुसते पुस्तकातले किडे मात्र नव्हते. तरुणपणी त्यांनी काही वर्षे सतारीचा रियाज केला. आग्र्याला असताना चांदण्या रात्री ताजमहालाच्या आवारात सतार घेऊन बसल्याचे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

पंधराव्या वर्षी, १९०३ साली, त्यांनी ‘लिसानुस सिद्क’ हे मासिक काढले आणि १९१२ साली ‘अल-हिलाल’ हे साप्ताहिक. दोन वर्षांत त्याचा खप सव्वीस हजारांपर्यंत गेला असे ते सांगत. सरकारने पत्राचे जामीन जप्त केले आणि पत्र बंद पाडले. १९१६ साली त्यांना बंगालबाहेर काढून रांचीला नजरकैदेत ठेवण्यात आले. तेथे ते १९१९ च्या अखेरपर्यंत होते. या काळात त्यांनी कुरआन शरीफाच्या उर्दू भाषांतराचे व विवरणाचे काम, म्हणजे ‘तर्जुमानुल कुरआन’, नेटाने चालविले होते.

येथे थोडे थांबून विचार करा. पोलिसांनी झडती घेऊन त्यांचे हस्तलिखित नेले. पुढे १९२१ साली अटक झाली तेव्हा पुन्हा कागदपत्रे जप्त झाली. सुटून आल्यावर मौलानांनी ती परत मागितली, तर हाती आला फाटक्या, विस्कटलेल्या कागदांचा ढीग. कित्येक वर्षांच्या पहाटा त्या ढिगात गेल्या होत्या. काही काळ त्यांचे मन या कामावरून पार उडाले. परंतु १९२७ साली त्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ केला आणि १९३० साली मीरतच्या तुरुंगात हा भाग पुरा केला. पहिला खंड १९३१ साली आणि दुसरा १९३६ साली प्रसिद्ध झाला. वहीतले एक पान फाटले म्हणून अभ्यासाला रामराम ठोकणारी मुले आम्ही पाहिली आहेत, म्हणून हे जरा विस्ताराने सांगितले.

आता त्या बॉम्बे मेलकडे परत येऊ. मुंबईत ८ ऑगस्टच्या रात्री ‘छोडो भारत’चा ठराव मंजूर झाला. मौलाना भुलाभाई देसाईंच्या घरी उतरले होते. ते रात्री उशिरा परतले. पहाटे अटक होणार अशी कुणकुणही लागली होती. तरी नेहमीप्रमाणे चारच्या सुमारास ते उठले. अंग जड झाले होते म्हणून ॲस्पिरिनच्या दोन गोळ्या घेतल्या, चहा घेतला आणि अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना पाठवायच्या पत्राचा मसुदा करायला बसले. थकव्याने पुन्हा डोळा लागतो न लागतो तोच पोलीस आले. त्यांनी पोलिसांकडून थोडा वेळ मागून घेतला, स्नान केले, कपडे बदलले, चिटणीसाला कामे सांगितली आणि मगच ते मोटारीत बसले.

कार्यकारिणीच्या सभासदांना अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात ठेवले. तेथे एकूण बारा जण होते. पंडित नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव असे एकाहून एक. नेहरूंनी बागेची मशागत केली आणि १९४४ साली तेथेच ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ लिहिला. मौलाना पहाटे उठत, स्वतःच्या हाताने चहा करीत आणि लिहायला बसत. हा चहा म्हणजे चमेलीचा वास असलेला चिनी चहा, आणि त्यात दुधाचा थेंब नाही. चहात दूध घालणे म्हणजे चहाचा खून, असे त्यांचे मत असावे. आपल्या चहावाल्यांनी हे मनावर घेऊ नये! ते शेरवानीसाहेबांनाच पत्रे लिहीत, पण ती टपालात पडायची नव्हती, कारण तशी परवानगीच नव्हती. कोणी वाचील की नाही याची खात्री नसता ते लिहीत राहिले. तीच पत्रे १९४६ साली ‘गुबारे खातिर’ या नावाने छापली गेली आणि आज उर्दू गद्याचा नमुना म्हणून वाचली जातात.

त्यांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी केली होती. सुरुवातीला मौलाना छत्री घेऊन त्यांच्या मागे धावले. हार पत्करल्यावर त्यांनी दाणे टाकायला सुरुवात केली. रोज त्याच वेळी, न हलता, श्वास रोखून ते बसू लागले. चिमण्या हळूहळू जवळ येऊ लागल्या आणि शेवटी एक धीट चिमणी हातावर येऊन बसली. त्यांनी या पाखरांना नावेही ठेवली होती.

परंतु सगळे काही असे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. ३ ऑगस्टला ते मुंबईस निघाले तेव्हा पत्नी झुलेखा बेगम नेहमीप्रमाणे दारापर्यंत आल्या होत्या. त्यांची प्रकृती तोळामासा होती. या बाईंचे धैर्य लहान नव्हते. १९२२ साली पतीला एक वर्षाची शिक्षा झाली तेव्हा त्यांनी गांधीजींना तार करून पतीचे खिलाफत समितीचे काम आपण पाहू असे कळविले होते. ती दारातली भेट शेवटची ठरली. १९४३ च्या वसंतात आजार वाढल्याच्या तारा किल्ल्यात येऊ लागल्या. सरकारला काही विनंती करायची असल्यास पोचवितो, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचविले. मौलानांनी नकार दिला. त्या दिवसांत त्यांनी आपला दिनक्रम जराही ढळू दिला नाही. जेवणाच्या टेबलावर ते ठरल्या वेळी येत, पहाटे ठरल्या वेळी उठत. आत काय चालले होते ते त्यांनी पत्रातच लिहिले. बाहेरचा शांतपणा हा पुष्कळसा देखावा होता, अशी कबुलीही दिली. ९ एप्रिल १९४३ रोजी बेगमसाहेबांचे निधन झाले. हा नकार योग्य की कठोर, यावर घरोघरी दोन मते पडतील. आम्हाला एवढेच दिसते की त्या पंधरवड्यात माणूस कोलमडला नाही, तो त्या वर्षानुवर्षांच्या ठरलेल्या घडीमुळे.

सगळ्याच सवयी मात्र अनुकरणीय नव्हत्या. सिगारेट त्यांना फार प्रिय. १९२१ च्या अटकेत ती एका झटक्यात सोडली आणि सुटताच पुन्हा धरली! मुलांनी यातला पहिला अर्धा भाग घ्यावा.

१९४५ च्या जूनमध्ये ते सुटले. १९४७ ते १९५८ पर्यंत ते शिक्षणमंत्री होते. खरगपूरची तंत्रशिक्षण संस्था, विद्यापीठ अनुदान मंडळ, साहित्य अकादमी ही त्याच काळातली कामे सर्वांना ठाऊक आहेत. अखेरच्या दोनेक वर्षांत दिल्लीत असले की रोज संध्याकाळी तासभर ते हुमायून कबीरांना उर्दूत आपल्या आठवणी सांगत आणि कबीर त्या इंग्रजीत उतरवीत. ‘इंडिया विन्स फ्रीडम’ हे पुस्तक अशा तासातासाने तयार झाले.

२२ फेब्रुवारी १९५८ रोजी ते अल्लाला प्यारे झाले. जामा मशीद आणि लाल किल्ला यांच्यामधल्या मोकळ्या जागेत त्यांची कबर आहे. तर्जुमानचा पुढचा खंड काही त्यांच्या हातून प्रसिद्ध झाला नाही. दुसरा खंड तेविसाव्या सूरहशी, सूरह मोमिनूनशी येऊन थांबतो.